कायद्याचे पहिले सत्र घरून: हजेरी मोजायची की तपासलेली वही?

कायद्याची पदवी घरबसल्या, ऑनलाइन करता येईल का, हा प्रश्न दरवर्षी सीईटीच्या हंगामात नव्याने विचारला जातो आणि दरवर्षी त्याला एकच उत्तर मिळते: नाही. आजच्या कायद्यानुसार हे उत्तर बरोबर आहे. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ ने कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे काम बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे सोपवले. कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार सनदेला पात्र ठरवणारी एलएलबी नियमित वर्गांत बसूनच करावी लागते आणि प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी भरावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या विनियमांनीही वैद्यक, अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वास्तुकला यांच्या पंक्तीत कायद्याला बसवून या पद्धतीबाहेर ठेवले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पॅरालीगल प्रॅक्टिसची पदविका किंवा बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचे दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम ज्ञानासाठी, नोकरीतल्या बढतीसाठी उपयोगाचे आहेत. त्यांच्या जोरावर न्यायालयात उभे राहता येत नाही. ‘घरून एलएलबी, सनदेसह’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी हे माहीत असायलाच हवे.

पण नियम सांगून झाला म्हणजे प्रश्न संपला असे होत नाही. तालुक्याच्या गावी नोकरी करणारा कारकून, लहान मूल सांभाळणारी पदवीधर बाई, पाळीत काम करणारा पोलीस शिपाई यांना कायदा शिकायचा असतो, आणि कौन्सिलच्या नियमांनुसार अनिवासी कॉलेजांचे वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेत भरतात. दुसऱ्या बाजूला, ज्यांनी रीतसर प्रवेश घेतला आहे त्यांच्यापैकी बरेच जण पहिल्या सत्राचा अभ्यास प्रत्यक्षात मोबाइलवरची व्याख्याने, पीडीएफ नोट्स आणि मागच्या परीक्षांचे प्रश्नसंच यांवरच करतात. म्हणजे दूरशिक्षण कायद्याच्या शिक्षणात केव्हाच शिरले आहे. फक्त त्याला कुणी जबाबदार नाही. म्हणून ‘परवानगी द्यावी की नाही’ यापेक्षा नेमका प्रश्न असा: पहिल्या सत्रात शिकायच्या गोष्टींपैकी कोणत्या अंतरावरून पोहोचतात, कोणत्या पोहोचत नाहीत आणि न पोहोचणाऱ्यांसाठी काय करावे लागेल? जगभरचा आणि आपल्याकडचा अनुभव तपासला तर एक निष्कर्ष ठळकपणे पुढे येतो. कायद्याची माहिती सहज अंतर ओलांडते. कायद्याने विचार करण्याची सवय मात्र विद्यार्थ्याने लिहिलेले वाचून त्याला उत्तर देणारा शिक्षक असल्याशिवाय लागत नाही, मग विद्यार्थी वर्गात बसलेला असो की घरी. आपले नियम हजेरी मोजतात. त्यांनी तपासलेले काम मोजायला हवे.

पहिल्या सत्रात असते तरी काय? विद्यापीठागणिक क्रम बदलतो. मुंबई विद्यापीठात तीन वर्षांच्या एलएलबीसाठी अनेक वर्षे चालत आलेला संच असा: कामगार कायदे, करार कायद्याचा पहिला भाग, अपकृत्ये व ग्राहक संरक्षण, आणि विधी भाषा. इतरत्र फौजदारी कायदा किंवा संविधान पहिल्याच सत्रात येते. विषय कोणतेही असोत, या सत्रावर दोन कामे असतात. एक, नियमांची पहिली ओळख: करार कशाने होतो, प्रतिफल म्हणजे काय, निष्काळजीपणा कधी सिद्ध होतो, कामगार कुणाला म्हणायचे. दुसरे काम जास्त अवघड. इतिहास, वाणिज्य किंवा विज्ञान शिकून आलेल्या विद्यार्थ्याला कलम शब्दाशब्दाने वाचायला, निवाड्यातली वस्तुस्थिती आणि निर्णयाचा आधार वेगळे काढायला आणि नव्या वस्तुस्थितीला जुना नियम लावून चार परिच्छेदांत उत्तर मांडायला शिकवायचे असते. पहिले काम पुस्तक करते. दुसरे काम सरावाने होते, आणि सराव चुकीचा झाला तर चूकच पक्की होते. पुढच्या पाच सत्रांचा पाया यावर उभा राहतो, म्हणून दूरशिक्षणाची खरी कसोटी पहिल्याच सत्रात लागते.

पहिल्या कामापुरते बोलायचे तर आजच्या विद्यार्थ्याइतकी अनुकूल परिस्थिती आधीच्या कोणत्याही पिढीला मिळाली नव्हती. केंद्रीय कायद्यांची अद्ययावत संहिता ‘इंडिया कोड’वर फुकट आहे. ‘इंडियन कानून’ २००८ पासून निवाडे शोधून देते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आपला निवाडेसंग्रह ‘ई-एससीआर’ म्हणून सर्वांना खुला केला आणि अनेक निवाड्यांचे मराठी अनुवादही आता मिळतात. न्यायालयीन कामकाजाच्या थेट प्रक्षेपणाचा मार्ग ज्या २०१८ च्या निकालाने मोकळा झाला, त्या प्रकरणात एक याचिकाकर्ता कायद्याचाच विद्यार्थी होता. सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांपुढचे युक्तिवाद घरी बसून ऐकता येतात. एकेकाळी जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात ‘एआयआर’ या निवाडेसंग्रहाचे जुने खंड असले तर असले, नाहीतर गाइडवर भागवावे लागे. मराठीतून उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तर इंग्रजी निवाडा आणि मराठी अनुवाद शेजारी ठेवून वाचता येणे ही मोठी सोय आहे. माहितीच्या बाबतीत शहर आणि तालुका यांतले अंतर खरोखर कमी झाले आहे, आणि वर्गातल्या शिक्षकाने नोट्स सांगायच्या व मुलांनी त्या उतरवून घ्यायच्या या प्रकाराला आता काहीच समर्थन उरलेले नाही.

दुसऱ्या कामाचे मात्र वेगळे आहे. करार कायद्यातला एक निवाडा जवळून पाहिला की फरक लक्षात येतो. भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास हे प्रकरण करार कायदा शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला अभ्यासावे लागते. खामगावच्या जिनिंग कारखान्याशी अहमदाबादच्या व्यापाऱ्याचा सरकीच्या पेंडीचा सौदा दूरध्वनीवर ठरला. माल पुरवला नाही म्हणून अहमदाबादच्या न्यायालयात दावा लागला. प्रस्ताव अहमदाबादहून गेला होता, होकार खामगावात उच्चारला गेला. मग करार झाला कुठे? होकार जिथे ऐकू आला तिथे, म्हणजे अहमदाबादला, असे बहुमताने न्या. शहा यांनी ठरवले. न्या. हिदायतुल्ला यांनी विरोधी मत दिले. करार कायद्याच्या कलम ४ नुसार होकार स्वीकारणाऱ्याच्या हातून सुटून वाटेला लागला की प्रस्तावकावर बंधन येते. हे शब्द जसे आहेत तसे लावले तर करार खामगावातच पुरा होतो, असे त्यांचे म्हणणे. दहा मिनिटांच्या चित्रफितीत याचे एक वाक्य होते: दूरध्वनीवरचा करार, जिथे होकार ऐकला तिथे. परीक्षेत ते वाक्य लिहून गुणही मिळतात.

आता याच विद्यार्थ्याला विचारा: होकार देताना मध्येच लाइन तुटली आणि समोरच्याला अर्धेच ऐकू आले तर? होकार व्हॉट्सॲपवर गेला, पोहोचल्याची खूण दिसली, पण उघडला गेला नाही तर? एका वाक्याचा धनी इथे अडखळतो. टपालाने पाठवलेल्या होकाराला एक नियम आणि दूरध्वनीला दुसरा असे बहुमताने का मानले, १८७२ च्या कायद्याचा मसुदा करणाऱ्यांसमोर दूरध्वनी नव्हता याला न्यायाधीशांनी किती वजन दिले, कलमाचे शब्द आणि व्यवहाराची सोय यांत ओढाताण झाली की कुणाच्या बाजूने जायचे, हे त्याने कधी मांडून पाहिलेले नसते. पहिल्या प्रयत्नात विद्यार्थी हमखास तीन चुका करतो: वस्तुस्थिती पुन्हा सांगण्यात अर्धे पान घालवतो, नियम आणि निष्कर्ष यांच्यामधली पायरी गाळतो, आणि विरोधी मताचा उल्लेखच करत नाही. या चुका दुरुस्त होण्याचा एकच मार्ग आहे. कुणीतरी ते पान वाचून समासात लिहायला हवे की हा निष्कर्ष कशावरून काढला, कलम ४ चा दुसरा भाग कुठे गेला, हिदायतुल्लांना तुझे उत्तर काय. हे काम समोरासमोर होऊ शकते, तसेच टपालाने, ईमेलने किंवा व्हिडिओ कॉलवरही होऊ शकते. ध्वनिमुद्रित व्याख्यानाने मात्र ते कधीच होणार नाही, कारण व्याख्यानाला विद्यार्थ्याचे पान दिसत नाही.

हीच गोष्ट इतर विषयांतही दिसते, फक्त प्रत्येकाची अडचण वेगळी. अपकृत्यांचा कायदा आपल्याकडे संहितेत बांधलेला नाही. तो निवाड्यांतूनच शिकावा लागतो. १९८५ च्या दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एम. सी. मेहता प्रकरणात इंग्लंडमधल्या रायलंड्स निवाड्याचा, अपवादांना जागा देणारा जुना नियम बाजूला ठेवून धोकादायक उद्योगांसाठी निरपवाद दायित्व सांगितले. ते का आवश्यक वाटले, हे दोन्ही निवाडे शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कळत नाही, आणि नवख्याला पहिला लांब निवाडा वाचताना हात धरणारा कुणीतरी लागतो. कामगार कायद्यांत वेगळाच धोका आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ केंद्रीय कायद्यांची जागा चार कामगार संहितांनी घेतली. फौजदारी कायद्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. त्याआधी ध्वनिमुद्रित केलेली व्याख्याने मात्र जिथल्या तिथे आहेत, लाखोंनी पाहिली जात आहेत आणि जुनी कलमे शिकवत आहेत. वर्गातला शिक्षक दुसऱ्या दिवशी दुरुस्ती सांगू शकतो. चित्रफीत सांगत नाही, आणि ती कालबाह्य झाली हे नवख्या विद्यार्थ्याला ओळखता येत नाही. विधी भाषा हा विषय तर लिहून, खोडून, पुन्हा लिहूनच येतो. चारही विषयांची गरज शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबते: जबाबदार शिक्षक, ज्याने साहित्य ताजे ठेवायचे आणि लेखन तपासायचे.

इतर देशांचा अनुभव याला दुजोरा देतो. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच आपल्या परीक्षा कॉलेजात न बसलेल्यांना खुल्या केल्या, आणि त्या वाटेने कायद्याची पदवी घेणाऱ्यांची परंपरा आजही चालू आहे. दक्षिण आफ्रिकेच्या युनिसा विद्यापीठाने १९४६ पासून दूरशिक्षण चालवले. नेल्सन मंडेला यांनी तुरुंगात असतानाच १९८९ मध्ये त्याच विद्यापीठाची एलएलबी मिळवली. युनिसाच्या पदवीधराला त्या देशात वकिली व्यवसायाकडे जाता येते. मात्र व्यवसायात शिरण्यापूर्वी प्रत्यक्ष उमेदवारी आणि व्यावसायिक परीक्षा यांतून जावे लागते. इंग्लंडने १ सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी एकच केंद्रीय परीक्षा आणि दोन वर्षांचा पात्र कामाचा अनुभव अशी रचना केली. पदवी कोणत्या विषयाची आणि कशी घेतली याला त्यात दुय्यम स्थान आहे. या तिन्ही ठिकाणी वर्गातली उपस्थिती सैल केली आहे, पण त्याबदल्यात दुसरीकडे गाठ घट्ट केली आहे: बाहेरच्या परीक्षकांची कडक लेखी परीक्षा किंवा देखरेखीखालचे काम. उपस्थितीही नाही आणि तपासणीही नाही, अशी मोकळीक यांपैकी कुणीच दिलेली नाही.

अमेरिकेचा अनुभव आपल्या प्रश्नाला आणखी जवळचा आहे, कारण तिथे वाद नेमका पहिल्या वर्षाभोवतीच झाला. अमेरिकन बार असोसिएशनच्या मानकांनी बराच काळ २८ क्रेडिट पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण पहिले वर्ष संपेपर्यंत, दूरशिक्षणाला मुळीच वाव दिला नव्हता. प्रश्नोत्तरांतून निवाडा उलगडायची हार्वर्डची पद्धत पहिल्या वर्षातच रुजते, ती पडद्यापलीकडून रुजणार नाही, अशी त्यामागची समजूत होती. २०१५ मध्ये मिनेसोटातल्या एका विधी विद्यालयाने विशेष परवानगी घेऊन निम्मा ऑनलाइन, निम्मा प्रत्यक्ष असा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी घरून शिकत आणि ठरावीक दिवस कॅम्पसवर येऊन सराव करत. २०१८ मध्ये मानके बदलली, एक तृतीयांश क्रेडिट दूरशिक्षणाने घेता येऊ लागले आणि त्यांतले दहापर्यंत पहिल्या टप्प्यात. पुढे ही मर्यादा निम्म्यापर्यंत गेली. कॅलिफोर्नियाची वाट आणखी जुनी. तिथे पत्रद्वारे आणि ऑनलाइन कायदा शिकता येतो. १९९८ मध्ये सुरू झालेले कॉनकॉर्ड हे पूर्ण ऑनलाइन विधी विद्यालय तिथलेच. पण अशा विद्यार्थ्याने वर्षाला ८६४ तासांचा अभ्यास दाखवायचा आणि पहिल्या वर्षानंतर करार, अपकृत्ये आणि फौजदारी कायदा यांवर राज्याची वेगळी परीक्षा द्यायची. चार निबंधवजा प्रश्न आणि शंभर बहुपर्यायी प्रश्न असलेल्या या परीक्षेत नापास होणारे बहुतेक वेळा पास होणाऱ्यांहून बरेच जास्त असतात. ही परीक्षा कठोर वाटते, पण तिच्यात विद्यार्थ्याचे हितही आहे: चार वर्षे आणि सगळी फी खर्ची पडल्यावर कळण्यापेक्षा पहिल्याच वर्षी कळलेले बरे.

शिक्षणसंशोधनही हेच सुचवते. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ऑनलाइन शिकणाऱ्यांची कामगिरी केवळ वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा थोडी सरस दिसली, आणि दोन्हींचा मेळ घालणाऱ्या पद्धतीत फायदा अधिक होता. पण आढावा करणाऱ्यांनीच बजावले की मिश्र पद्धतीत अभ्यासाचा वेळ आणि साहित्यही जास्त होते, त्यामुळे फायद्याचे श्रेय माध्यमाला देता येत नाही. आपल्याकडे हा प्रयोग करोनाने घडवला. २०२०-२१ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची पहिली सत्रे बहुतांशी पडद्यावरच झाली. पुढे त्यांना पदव्या मिळाल्या आणि सनदाही. म्हणजे पहिले सत्र ऑनलाइन झाले म्हणून पदवी बाद होत नाही, हे व्यवहारात मान्य झालेले आहे. त्या काळातली उणीव दुसरीच होती. अनेक विद्यापीठांनी परीक्षा बहुपर्यायी केल्या आणि लिहिण्याचा सराव जवळजवळ थांबला. व्याख्याने पडद्यावर गेली याने झालेल्या नुकसानापेक्षा उत्तर लिहिणे आणि तपासून मिळणे बंद झाले याने झालेले नुकसान खोल आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की वकिली हा उभे राहून बोलण्याचा व्यवसाय आहे. माणसांत न वावरता तो शिकता येणार नाही. आक्षेप खरा आहे, पण तो पहिल्या सत्राला लागू पडत नाही. कौन्सिलच्या नियमांतच वीस सक्तीच्या विषयांखेरीज मसुदा लेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी वादनिवारण आणि मूट कोर्ट व इंटर्नशिप असे चार प्रात्यक्षिक विषय ठेवलेले आहेत. त्यांना प्रत्यक्ष उपस्थिती हवीच, आणि खरे तर ती आजच्यापेक्षा जास्त गांभीर्याने हवी. प्रस्ताव आणि स्वीकृती यांच्या कलमांचे विवेचन ऐकण्यासाठी मात्र रोज साठ किलोमीटर एसटीने जाण्याची गरज सिद्ध करणारा पुरावा कुणी दिलेला नाही. करोनानंतर न्यायालयेही दूरदृश्य सुनावणी घेतात, ई-फायलिंग स्वीकारतात. ज्या व्यवसायाचा एक भाग पडद्यावर गेला आहे, त्याच्या शिक्षणाचा कोणताच भाग पडद्यावर जाऊ नये हे तर्काला धरून नाही.

दुसरा आक्षेप बनावटगिरीचा. आधीच कागदावर चालणारी कॉलेजे कमी नाहीत. ऑनलाइनची मुभा दिली की पदव्यांचा बाजार भरेल. ही भीती अनाठायी नाही. पण नीट पाहिले तर ती आजच्या व्यवस्थेविरुद्धचाच पुरावा ठरते. ७० टक्के हजेरीची अट गेली कित्येक वर्षे आहे आणि तरीही कागदावरची कॉलेजे आहेत, कारण मस्टरवर सही करवून घेणे सोपे असते. कौन्सिलने सप्टेंबर २०२४ मध्ये बायोमेट्रिक हजेरी आणि सीसीटीव्ही लावण्याचे परिपत्रक काढले. त्याने विद्यार्थी वर्गात होता हे सिद्ध होईल; त्याने काही शिकले की नाही हे नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये केवळ हजेरी कमी म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये असे सांगून कौन्सिलला या निकषांचा फेरविचार करायला सांगितले, त्यामागेही ही अस्वस्थता आहेच. याउलट, सत्रभरात लिहिलेली, तारखेसह जपलेली आणि शिक्षकाच्या शेऱ्यांनी भरलेली सहा उत्तरे बनावट करणे फार कठीण. यंत्राकडून उत्तर लिहवून घेण्याचा धोका आज आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक उत्तरावर पाच मिनिटांची तोंडी उलटतपासणी आणि सत्राअखेरची परीक्षा केंद्रावर, निरीक्षकासमोर, कागदावर. कॅलिफोर्नियाप्रमाणे गाठ पहिल्या टप्प्यावर मारावी, कारण शेवटी होणारी अखिल भारतीय बार परीक्षा शंभर बहुपर्यायी प्रश्नांची आहे. तिथे लिहिण्याची कसोटी लागतच नाही.

तिसरा आक्षेप समतेचा: ऑनलाइन शिक्षण ज्यांच्याकडे साधने आहेत त्यांनाच लाभते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के कुटुंबांपर्यंतच इंटरनेट पोहोचले होते आणि संगणक शंभरातल्या चार-पाच घरांत होता. त्यानंतर स्वस्त डेटामुळे मोबाइलवरचे इंटरनेट खूप पसरले, पण संगणकाची दरी मोबाइलने भरत नाही. लहान पडद्यावर ऐंशी पानांचा निवाडा वाचणे आणि दोन पानांचे उत्तर टंकणे हालाचे असते. म्हणून पद्धत साध्यातल्या साध्या साधनावर उभी करावी लागेल: छापील अभ्यासपुस्तिका, वहीत हाताने लिहिलेले उत्तर, त्याचा मोबाइलने काढलेला फोटो आणि परत आलेले शेरे. इथे जुन्या पत्रद्वारा शिक्षणाची आठवण ठेवायला हवी. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांनी दूरशिक्षण उभारले ते पुस्तिका, अभ्यासकेंद्र आणि स्वाध्याय यांवर. स्वाध्याय लिहून पाठवायचा आणि तपासून परत यायचा, ही त्यातली मूळ कल्पना कायद्याच्या पहिल्या सत्राला आजच्या चकचकीत व्हिडिओ वर्गांपेक्षा जास्त मानवते. आणि समतेचा हिशेब पूर्ण मांडायचा तर वर्गाची सक्तीही कुणाला तरी वगळतेच: ज्याला नोकरी सोडता येत नाही त्याला, आणि जिला घर सोडून शहरात राहता येत नाही तिला.

चौथा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे: एवढे तपासायचे कुणी? आकडे मांडून पाहू. नियमांनुसार सत्र किमान १५ आठवड्यांचे आणि आठवड्याला किमान २४ व्याख्यानांचे, म्हणजे चार विषय असतील तर प्रत्येकी सहा. एका तुकडीत ६० विद्यार्थी. प्रत्येकाने सत्रात एका विषयात सहा उत्तरे लिहिली तर ३६० उत्तरे होतात, म्हणजे आठवड्याला २४. एका उत्तराला १५ मिनिटे धरली तर आठवड्याचे सहा तास. शिक्षकाने सहापैकी तीन व्याख्याने विद्यापीठाने तयार केलेल्या, दरवर्षी अद्ययावत होणाऱ्या सामायिक व्याख्यानांवर सोपवली तर तीन तास तिथेच मोकळे होतात. उरलेले तीन तास आणि तोंडी तपासणीचा वेळ त्याच्या कार्यभारात धरावे लागतील, त्यासाठी पदे भरावी लागतील आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना तपासणीचेही मानधन द्यावे लागेल. हा खर्च टाळून दूरशिक्षण आणायचे असेल तर ते न आणलेलेच बरे. स्वस्तातली मुभा आणि महागडी बंदी या दोन टोकांमध्ये ही मधली वाट आहे, आणि ती स्वस्त नाही हे आधीच मान्य करायला हवे.

या सगळ्यातून नियमांसाठी काय निघते? पूर्ण एलएलबी दूरशिक्षणाने देण्याची मागणी आजच्या पुराव्यावर टिकत नाही. पण इतर पदव्यांमध्ये ‘स्वयम्’वरच्या अभ्यासक्रमांतून एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेण्याची सोय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी केली आहे. कायद्याच्या बाबतीत अंतिम शब्द कौन्सिलचा आहे, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कायदा आणि वैद्यक यांना नव्या सामायिक नियामकाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. तेव्हा कौन्सिलनेच पहिल्या सत्रापुरता, मोजक्या विद्यापीठांत, मर्यादित काळासाठी प्रयोग करावा. व्याख्यानांचा अर्धा भाग घरून, प्रत्येक विषयात ठरावीक संख्येने तपासलेली उत्तरे सक्तीची, महिन्यातून एक शनिवार-रविवार जवळच्या कॉलेजात किंवा अभ्यासकेंद्रावर निवाडावाचन आणि चर्चा, परीक्षा केंद्रावर, आणि निकालांची तुलना नियमित तुकडीशी करून ती जाहीर. हजेरीचे ७० टक्के जिथे भरत नाहीत तिथे तपासलेल्या कामाचे १०० टक्के मागावेत. प्रयोग फसला तर आपल्याला कारण कळेल. साधला तर विस्ताराला आधार मिळेल. आज आपल्याकडे यांपैकी काहीच नाही, फक्त परस्परविरोधी ठाम मते आहेत.

आणि नियम बदलेपर्यंत विद्यार्थ्याने काय करावे? मान्यताप्राप्त कॉलेजातच प्रवेश घ्यावा, आणि कॉलेजला कौन्सिलची मान्यता चालू आहे का हे स्वतः तपासावे. ऑनलाइन साहित्य जरूर वापरावे, पण व्याख्यानाची तारीख पाहून आणि कलम मूळ बेअर ॲक्टशी ताडून. आठवड्याला एक निवाडा सारांश न वाचता मुळातून वाचावा, विरोधी मत असेल तर तेही. आठवड्याला एक उत्तर वहीत लिहावे आणि ते शिक्षकाकडून, वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याकडून, तालुक्याच्या न्यायालयात काम करणाऱ्या एखाद्या वकिलाकडून, पण दुसऱ्या कुणाकडून तरी, तपासून घ्यावे. ज्याने पहिल्या सत्रात करार कायद्याची दहा-बारा उत्तरे लिहून, दुरुस्त करून पुन्हा लिहिली आहेत, त्याचा पाया वर्गात सहा तास बसून काहीच न लिहिणाऱ्यापेक्षा पक्का असतो. ही गोष्ट विद्यार्थ्याला आजच, कुणाच्याही परवानगीशिवाय करता येते. कौन्सिलने आणि विद्यापीठांनी ती मोजायला सुरुवात करावी, एवढीच मागणी आहे.